बाहुलीच्या झग्यांची वही

मित्रांनो, मी एक जुनी चौकटींची वही आहे. गणितासाठी तुम्ही वापरता तशीच, पण माझ्यात कधी कुणी गणित सोडवले नाही. माझ्या पानांवर फुल्या आहेत, शेकडो फुल्या. क्रोशाच्या सुईने दोरा विणणाऱ्या बाईला त्या वाचता येतात. चौकटीत फुली असेल तर तिथे भरीव खांब विणायचा, चौकट रिकामी असेल तर तिथे जाळी सोडायची. पान थोडे लांब धरून पाहिले की त्या फुल्यांतून मोर दिसतो, कमळ दिसते, द्राक्षांचा घोस दिसतो.

सुलक्षणाने मला भोरच्या बाजारपेठेतून घेतले त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. किकवीहून रोज एसटीने भोरच्या शिवणवर्गाला येत असे. वर्गाच्या बाईंकडे क्रोशाचे एक विलायती पुस्तक होते. त्याचे पुठ्ठे केव्हाच गळून गेले होते आणि पाने पिवळी पडली होती. त्यात लहान बाळांचे झगे होते, टोपडी होती, मेमसाहेबांच्या गळ्यातल्या कॉलरी होत्या, ताटावर झाकायचे गोल रुमाल होते. बाई ते पुस्तक कुणालाही घरी नेऊ देत नसत. मग मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली डबे उघडत तेव्हा सुलक्षणा एका बाजूला पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला मला ठेवून फुल्या मोजत बसे. इंग्रजी ओळी तिला वाचता येत नसत. बाई त्या मराठीत सांगत, आणि ती माझ्यात लिहून घेई: "तीन साखळ्या, दोन खांब, एक घर सोडून पुन्हा दोन खांब." दोन वर्षांत तिने एकेचाळीस नमुने उतरवले. तिची पेन्सिल फार टोकदार असे आणि ती कधीही जोरात दाबून लिहीत नसे, म्हणून माझे एकही पान फाटले नाही.

लग्न होऊन ती तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याजवळच्या एका गावात आली. तिच्या रुखवतात तिने विणलेले मोराचे तोरण टांगले होते आणि ताटे गोल रुमालांनी झाकली होती. मांडवात बायका ते उलटसुलट करून पाहत होत्या. त्या दिवसापासून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुणाच्या मुलीचे लग्न ठरले की पहिला निरोप सुलक्षणाकडे येई. पावसाळ्यात भाताची लावणी, मग कापणी, झोडणी. त्यातून वेळ काढून ती विणत असे. तिचा नवरा रोहिदास अबोल होता. विणकाम म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे त्याची आई म्हणे, पण तो भोरला गेला की आठवणीने पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे घेऊन येई आणि चुलीशेजारच्या फळीवर ठेवून देई.

मित्रांनो, तो माझा चांगला काळ होता. माझ्या पानांवर हळदीची बोटे उमटली, तेलाचे डाग पडले, एका कोपऱ्याला चुलीची झळ लागली. मला त्याचे वाईट वाटत नव्हते. मी रोज उघडली जात होते.

पुढे बाजारात तयार तोरणे आली. प्लॅस्टिकची, चमकणारी, धुवायला सोपी. मुलींना ती आवडू लागली. लग्नाचे निरोप यायचे थांबले. रोहिदास वारला. मुलगा इंद्रजित शिकला, हायवेजवळच्या एका कारखान्यात लागला आणि नसरापूरला खोल्या घेऊन राहू लागला. मी पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी गेले. तिथे मी अकरा वर्षे होते. एका उंदराने माझा खालचा कोपरा खाल्ला, तेव्हाही मला कुणी बाहेर काढले नाही.

मग एका मे महिन्यात पेटी उघडली.

इंद्रजितची मुलगी शेफाली सुट्टीला आली होती. सात वर्षांची होती. तिच्याकडे एक बाहुली होती, वीतभर उंचीची, लांब पायांची, केस सोनेरी आणि कंबर एवढी बारीक की दोन बोटांत मावावी. त्या बाहुलीला एकच झगा होता आणि तो काखेत फाटला होता. शेफालीने तो आजीपुढे धरला. सुलक्षणाने तो पाहिला आणि म्हणाली, "ह्यो शिवून काय व्हणार? आपण नवा करू."

तिला वाटले होते, बाळाच्या झग्याचा नमुना आहे, तोच लहान करून विणला की झाले. तसे होत नाही. बाळाला पोट असते, बाहुलीला कंबर असते. बाळाचा झगा डोक्यावरून घालता येतो, पण त्या बाहुलीचे डोके तिच्या गळ्यापेक्षा केवढे तरी मोठे. पहिला झगा नेहमीच्या दोऱ्याने विणला, तो पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहिला. शेफाली हसली आणि आजीही हसली. मग सुलक्षणाने शिलाईचे रीळ घेतले आणि सर्वांत बारीक सुई शोधली. दुसऱ्या झग्यात बाहुलीचा हात बाहीतून जाईना, कारण तिची बोटे जाळीत अडकत होती. तो तिने पूर्ण उसवला. तिसऱ्या वेळी तिने झगा पाठीमागे उघडा ठेवला आणि तिथे दोन टिचबटणे लावली.

खरी युक्ती तिला कॉलरीच्या पानावर सापडली. मेमसाहेबांची ती पाकळ्यांची कॉलर एकशेवीस साखळ्यांवर सुरू होत होती. सुलक्षणाने बाहुलीच्या कमरेला दोरा गुंडाळून पाहिला. शिलाईच्या दोऱ्याच्या चौतीस साखळ्या पुरेशा होत्या. पण कॉलरीची एक पाकळी सहा साखळ्यांवर बसते. चौतीस धरल्या तर शेवटची पाकळी अर्धी राहणार. तिने छत्तीस धरल्या आणि कंबर किंचित सैल सोडून आतून नाडी ओवली. गळ्यात घालायची कॉलर बाहुलीच्या कमरेवरून खाली घेराचा परकर होऊन पसरली. शेफालीने बाहुलीला जमिनीवर उभे केले, तर ती त्या घेरावर कुणी न धरता उभी राहिली.

त्या महिन्यात माझ्या कोऱ्या पानांवर नवे नमुने उतरले. ताटावरच्या गोल रुमालाच्या मधल्या सहा ओळी घेतल्या की बाहुलीची टोपी होते. टोपड्याच्या कडेपासून तिची पर्स झाली. तोरणाच्या मोराला ऐंशी चौकटी लागत, सुलक्षणाने तो सोळा चौकटींत बसवला. पिसारा गेला, पण मान राहिली, आणि मानेवरून तो मोर आहे हे कळत होते. जुन्या नमुन्यातले काय सोडायचे आणि काय सोडून चालणार नाही, हे ती माझ्या पानावर बोट ठेवून शेफालीला सांगत असे. इतकी वर्षे तिने दुसऱ्याचे नमुने विणले होते. हे पहिल्यांदाच तिचे स्वतःचे होते.

सुट्टी संपल्यावर शेफाली पाच झगे घेऊन नसरापूरला गेली. तिची आई प्रेरणा, म्हणजे सुलक्षणाची सून, हिने त्यांचे फोटो काढले आणि मोबाईलवर टाकले. तिच्या ओळखीच्या बायकांनी फार कौतुक केले. तिने फोन करून सासूला ते सगळे वाचून दाखवले. मग आणखी झगे मागितले. सुलक्षणा विणत राहिली आणि वेल्ह्याहून नसरापूरकडे जाणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या हाती पाठवत राहिली.

दिवाळीच्या आधी प्रेरणा गावी आली आणि म्हणाली, "आई, तुमची वही द्या ना. मी पण शिकते. झेरॉक्स काढून आणून देते."

सुलक्षणाला आनंद झाला. आपल्या सुनेला शिकावेसे वाटते आहे, हे ती शेजारच्या धोंडाबाईला दोनदा सांगून आली. मला तिने स्वच्छ फडक्यात गुंडाळून दिले.

नसरापूरला गेल्यावर जे झाले ते मी पाहिले आहे, आणि मी ते जसे झाले तसेच सांगणार आहे. प्रेरणा दुष्ट नव्हती. तिने खरोखर शिकायचा प्रयत्न केला. तीन दुपारी ती मला पुढ्यात घेऊन बसली. तिने एक टोपी विणली, ती एका बाजूने फुगली. दोरा तिच्या बोटावरून सटकत होता आणि बारीक टाके मोजताना तिची गल्लत होत होती. चौथ्या दिवशी तिने सुई ठेवून दिली. पण तोवर इमारतीतल्या बायकांना वाटू लागले होते की हे झगे तीच विणते. त्यांनी तसे म्हटले आणि तिने नाही म्हटले नाही. लग्न होऊन आल्यापासून तिथे सगळे तिला इंद्रजितची बायको किंवा शेफालीची आई म्हणत. आता जिन्यात भेटलेल्या बायका तिला नावाने हाक मारू लागल्या. ते तिला सोडवेना. पहिले खोटे ती बोलली नव्हती, ते तिने फक्त होऊ दिले. दुसऱ्यांदा मात्र कुणीतरी सरळ विचारले आणि ती म्हणाली, "हो, मीच करते."

एका महिला मंडळाने नसरापूरच्या एका मंगल कार्यालयात हस्तकलेचे प्रदर्शन ठरवले. प्रेरणाला एक टेबल मिळाले. तिने बाजारातून बाहुल्या आणून, त्यांना झगे घालून, अशा अकरा मांडायचे ठरवले आणि शोभेसाठी जुनी वही म्हणून मलाही तिथे ठेवायचे ठरवले. आदल्या दिवशी ती मला घेऊन बसली. माझ्या पहिल्या पानावर सुलक्षणाचे माहेरचे पूर्ण नाव, किकवी, आणि शिवणवर्ग, भोर, असे निळ्या शाईने लिहिलेले होते. प्रेरणाने ते पान बराच वेळ पाहिले. मग पट्टी लावून ते हळूच फाडले, कडा सरळ यावी म्हणून. शेफाली शेजारी बसली होती. ती म्हणाली, "ते आजीचं पान आहे."

प्रेरणा म्हणाली, "हो. जपून ठेवते मी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "शेफू, उद्या कुणी विचारलं तर म्हणायचं, माझ्या आईनं केलं. आजी काही तिथं येणार नाही."

सुलक्षणाला प्रदर्शनाचे मुद्दाम कुणी सांगितले नव्हते. फोनवर बोलताना शेफालीच्याच तोंडून ते निघून गेले होते. आपल्या सुनेचे प्रदर्शन आहे, तर आपण जायला हवे, एवढेच तिच्या मनात आले. धोंडाबाईला बरोबर घेऊन ती एसटीने नसरापूरला आली. पिशवीत ताजा विणलेला एक जांभळा झगा होता. तिने नवे लुगडे नेसले होते.

मी टेबलावरून तिला दारातून येताना पाहिले. ती बाहुल्यांपाशी आली, एकेकीकडे पाहून हसली. मग तिची नजर टेबलामागे लावलेल्या पुठ्ठ्यावर गेली. त्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत प्रेरणाचे नाव होते आणि खाली लिहिले होते, 'माझी स्वतःची कला'. सुलक्षणाला वाचता येत होते. तिने ते वाचले आणि पिशवीचा बंद हाताला गुंडाळून घेतला.

तेवढ्यात मंडळाच्या पाहुण्या बाई टेबलापाशी आल्या. चष्मा लावलेल्या, वयस्कर, विणकामातल्या जाणकार. त्यांनी पाकळ्यांचा परकर उचलून उलटा केला आणि आतली नाडी पाहिली. त्या खाली वाकून शेफालीला म्हणाल्या, "किती सुंदर आहे. कुणी केलं गं हे?"

शेफालीने आजीकडे पाहिले. मग आईकडे पाहिले.

"माझ्या आईनं," ती म्हणाली.

पाहुण्या बाईंनी प्रेरणाला विचारले, "छत्तीस साखळ्या दिसतात. कंबर सैल झाली म्हणून नाडी ओवलीत. मग कमीच का नाही धरल्या?" प्रेरणा नुसती हसली. बाई थांबून राहिल्या. आजूबाजूच्या बायकाही थांबल्या. इंद्रजित खुर्च्या मांडायला आला होता, तो खाली बघत उभा राहिला. प्रेरणाचा चेहरा उतरला आणि तिने सासूकडे पाहिले.

तेव्हा सुलक्षणा पुढे झाली. "पाकळी सहा साखळ्यांची हाय, बाई. सहाच्या पटीत न्हाई धरलं तर शेवटची पाकळी अर्धी ऱ्हाती."

"अरे वा. तुम्ही कोण?"

"सासू हाय मी तिची."

"तुम्हालाही येतं तर."

सुलक्षणा म्हणाली, "सुनेनंच शिकवलं मला."

सगळ्यांना ते फार आवडले. पाहुण्या बाईंनी आपल्या भाषणात मुद्दाम सांगितले की सासूला कला शिकवणारी सून त्यांनी आज पाहिली. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत सुलक्षणाही होती.

प्रदर्शन आवरले तेव्हा तिने मला टेबलावरून उचलले. प्रेरणा काहीतरी बोलायला पुढे आली, पण सुलक्षणा एवढेच म्हणाली, "वही न्हेते मी माझी." जांभळा झगा तिने पिशवीतून काढला नाही.

परतीच्या एसटीत धोंडाबाई फार चिडली होती. ती म्हणत होती की तुझ्या जागी मी असते तर सगळ्यांसमोर खरे सांगितले असते, असली सून कामाची नाही. सुलक्षणाने बराच वेळ ऐकून घेतले. मग म्हणाली, "प्रेरणाचं काय घिऊन बसलीस? पोरगी बोलून गेली व्हती. म्या खरं बोलले असते, तर त्या समद्या लोकांत माझी नात खोटी पडली असती." सुलक्षणाने मला उघडले, आणि तेव्हा तिला पहिल्या पानाची सरळ फाडलेली कड दिसली. तिने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मला मिटून टाकले.

त्यानंतर प्रेरणाचे दोन-तीन फोन आले. आणखी झगे हवे होते, लोक विचारत होते. तिने माफीही मागितली, पण ती अशी मागितली की झगे यायचे थांबू नयेत. इंद्रजित एकदा गावी येऊन गेला. तो म्हणाला, "आई, एवढं काय मनाला लावून घेतेस? घरातल्या घरातच तर आहे." सुलक्षणाने त्याला चहा दिला. आपण काय म्हणालो हे त्याला कळले नव्हते आणि त्याला समजावून सांगायची तिची इच्छा नव्हती.

पुढच्या दिवाळीत शेफाली पुन्हा आली. भाताची कापणी चालू होती. सकाळी खळ्यावर खेळताना तिच्या तळहातात कुसळ घुसले. सुलक्षणाने तिला दारात उन्हाला बसवले, हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि शिवणाच्या सुईने ते कुसळ अलगद काढले. केसाहून बारीक होते. तिने ते पहिल्याच खेपेला टिपले आणि बोटाच्या टोकावर धरून नातीला दाखवले.

दुपारी शेफाली बाहुली घेऊन आली. तिचे झगे सगळे आईकडे प्रदर्शनाच्या डब्यात होते, म्हणून ही बाहुली उघडीच होती. शेफाली माझ्याजवळ बसली. माझी पाने उलटत तिने कॉलरीचे पान काढले आणि म्हणाली, "आजी, मला आईनं तसं सांगायला सांगितलं होतं."

"ठाव हाय बाळा मला."

"मग हिला झगा करशील? हाच. पाकळ्यांचा."

सुलक्षणा तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिले नाही. ती म्हणाली, "आता न्हाई व्हायचं. डोळ्यांनी दिसत न्हाई मला."

शेफाली आजीकडे पाहत राहिली. मग आपल्या तळहाताकडे पाहू लागली. सकाळी कुसळ निघाले होते तिथे लालसर ठिपका होता. खोटे कसे बोलतात हे तिला आता माहीत होते, म्हणून ते ऐकल्याबरोबर तिला कळले. तिने बाहुलीला आपल्या हातरुमालात गुंडाळले आणि ती अंगणात निघून गेली.

मित्रांनो, सुलक्षणाने त्यानंतर सुई हातात घेतलेली नाही. जांभळा झगा अजून त्याच पिशवीत आहे. मी फळीवर, बियाण्याच्या पुडक्यांखाली आहे. माझी वीस-एक पाने कोरी आहेत आणि ती आता कोरीच राहतील.

मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी कागद आहे, आज ना उद्या वाळवी लागेल. माझे सांगणे एवढेच, की एखादी सुंदर वस्तू हातात आली आणि ती कुणी केली असे कुणी विचारले, तर जिने केली तिचेच नाव घ्या. तुमच्या घरातली मोठी माणसे शेजारी उभी असली आणि दुसरे नाव घ्या म्हणून डोळ्यांनी खुणावत असली, तरी घ्या. शेफालीने एक शब्द बदलला होता. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिची काही चूक नव्हती, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगते. पण तिची बाहुली उघडी आहे.